गॉलमचा पाय घसरतो: नशीब की लेखकाची पळवाट?

धागाकर्ता:
'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तिसऱ्यांदा वाचून संपवलं आणि याही वेळी शेवटाशी अडकलो. दुष्ट शक्तीची अंगठी आगीत नष्ट करायला नायक फ्रोडो उपाशीतापाशी, रांगत ज्वालामुखी चढतो. कड्यावर पोचल्यावर मात्र अंगठी टाकायला नकार देतो, बोटात घालतो. अंगठीच्या हव्यासाने मागावर असलेला गॉलम ते बोटच चावून तोडतो, आनंदाने नाचायला लागतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. एवढी पायपीट, आणि निकाल एका चुकलेल्या पावलावर? २००३ च्या चित्रपटात निदान दोघांची झटापट तरी दाखवली. मला ती जास्त पटली.

प्रतिसाद १:
अजिबात सहमत नाही. गॉलम मुळात त्या कड्यावर जिवंत पोचला कसा, ते बघा. फ्रोडोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती, त्या बिल्बोच्या हातात बोगद्यात तलवार होती, अंगठीमुळे तो दिसतही नव्हता. तरी दया आली आणि त्याने वार केला नाही. पुढे फ्रोडोने गॉलमचा जीव वाचवला. शेवटच्या उतारावर तर फ्रोडोच्या सोबत्याने, सॅमने, तलवार उगारली होती, मनात सगळा राग होता, पण समोरचा लोळागोळा झालेला जीव बघून त्याचाही हात थांबला. तिघांपैकी एकानेही मारलं असतं तर अंगठी फ्रोडोच्या बोटातच राहिली असती. पाय घसरणं हे नशीब म्हणा हवं तर, पण ते नशीब तिघांनी कमावलेलं आहे.

प्रतिसाद २:
तिथे ठीक. पण त्याच लेखकाच्या १९३७ च्या 'हॉबिट'मधल्या, बिल्बो आणि गॉलमच्या कोड्यांच्या पैजेचं काय? एका कोड्याचं उत्तर 'मासा', आणि नेमका तेव्हाच मासा उडी मारून बिल्बोच्या पायावर पडतो. गॉलमच्या पुढच्या कोड्याला बिल्बोला 'अजून वेळ दे' म्हणायचं असतं, घाबरून तोंडातून फक्त 'वेळ! वेळ!' निघतं, आणि तेच उत्तर! लेखक स्वतःच सांगतो की हे निव्वळ नशीब. यात कुणी काय कमावलं?

प्रतिसाद ३:
नशिबाने नायकाला संकटात टाकलं तर आपण कुणी तक्रार करत नाही. बाहेर काढलं की मात्र किंमत बघतो. बिल्बो त्या दोन कोड्यांत फुकट सुटला. फ्रोडोचं बोट गेलं, आणि घरी परतूनही त्याला घर लाभलं नाही.
भाकिताचंही तसंच. 'पुरुषाच्या हातून मरणार नाही' यावर शत्रूचा सेनापती विचकिंग विसंबून राहिला. त्याला मारणारी एओविन ही तरुणी मात्र त्या भाकिताच्या भरवशावर उभी नव्हती. पडलेल्या मामासाठी ती उभी राहिली.

धागाकर्ता:
सॅमचा थांबलेला हात मी दर वेळी भराभर वाचून पुढे गेलो, कारण कड्यावर पोचायची घाई. ते प्रकरण आज रात्री परत काढतो. माशाचं मात्र अजूनही पटत नाही.