वर्गात गेमसारख्या लेव्हल आणल्या तर पोरं खरंच शिकतात का?

खानापूरची ताई: आमच्या मराठी शाळेत सहावीला कन्नडचा तास म्हटलं की अर्धी पोरं मान खाली घालून बसायची. यंदा मी लेव्हल केल्या, आधी अक्षरं, मग बसवरच्या पाट्या वाचायच्या, मग दुकानात जाऊन सामान मागतो तसं बोलायचं, आणि जमलं नाही तर तीच लेव्हल परत, मार्क कापायचे नाहीत. तोंड न उघडणारी पोरं आता स्वतः उठून बोलतात. सगळ्याच विषयांना हे करायला पाहिजे असं माझं ठाम मत.

निपाणीचे सर: नाही पटत ताई. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या पोरांवर प्रयोग केलेला, चित्र काढलं की सर्टिफिकेट देणार असं ज्यांना आधीच सांगितलं ती पोरं नंतर मोकळ्या वेळात चित्रं कमी काढायला लागली. पॉइंटची सवय लावली की पॉइंट बंद झाल्यावर पुस्तक पण बंद, बघा.

खानापूरची ताई: सर, पण मी बक्षीस कुठं देतेय? चुकलं तर परत करायला मिळतं एवढंच, पोरांची भीती तिथंच जाते की.

चिकोडीची आई: आमच्या मुलीच्या शाळेत भिंतीवर पॉइंटचा तक्ता लावलाय, वर कायम तीच 4 नावं, आणि माझी लेक खाली, रोज सकाळी पोट दुखतंय म्हणते. असला खेळ नको बाई आम्हाला.

शहापूरचा दादा: ताई, तक्ता काढायला लावा, पण त्यासाठी लेव्हलला नावं ठेवू नका. आपल्याच कर्नाटकात 1995 ला म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात नली-कली, म्हणजे आनंदानं शिकायची पद्धत, सुरू झाली, त्यात धड्यांच्या पायऱ्यांची शिडी आणि कार्डं असतात, प्रत्येक पोर आपल्या वेगानं वर चढतं, शेजारचा कुठं पोचला याच्याशी घेणंदेणं नाही. आणि दहावीला पण 2024 पासून वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा आहेत, ज्यात जास्त मार्क ते धरतात, म्हणजे परत खेळायची सोय बोर्डानंच दिलीय की.

निपाणीचे सर: परत संधी द्यायला माझा विरोध नाही हो. पण एका खोलीत दोन-तीन वर्ग, मास्तर एकटा, त्यात कुठलं पोर कुठल्या लेव्हलला आहे ते लिहून कोण ठेवणार?

खानापूरची ताई: पोरंच ठेवतात सर, वहीच्या मागच्या पानावर. मी शनिवारी तेवढं बघते.