केदारांना शिक्षा झाली, सावनेरकरांना राग नक्की कोणाचा आला?

खापरखेडा_लोकल
सरळ प्रश्न टाकतोय, पक्षाचे झेंडे घडी करून ठेवा आणि मग बोला. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचा घोटाळा २००२ चा, सावनेरचे काँग्रेसचे नेते सुनील केदार तेव्हा बँकेचे अध्यक्ष. सरकारी रोखे (बाँड) घ्यायचे म्हणून बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये होम ट्रेड आणि तिच्यासारख्या खासगी दलाल कंपन्यांना दिले, रोखे आले नाहीत आणि पैसेही आले नाहीत. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे एकवीस वर्षांनी. ५ वर्षं सक्तमजुरी, साडेबारा लाख दंड, दोन दिवसांत आमदारकी रद्द. आणि जानेवारीत हायकोर्टाच्या जामिनावर सुटले तेव्हा जेलबाहेर काय गर्दी, काय गाड्या, पोलिसांना समर्थकांवर गुन्हा नोंदवावा लागला. आता बँक कोणाची होती तर शेतकऱ्यांची, आणि गर्दीत कोण होतं तर शेतकऱ्यांचीच पोरं. मला तरी यात भोळेपणा दिसत नाही, लोकांनी हिशोब केलेला आहे आणि त्यात बँक धरलेलीच नाही.

संत्रा_मोसंबी
भाऊ तुले सावनेर समजलंच नाही. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली, ओलिताचे दिवस हायेत, साहेब लोकाले फोन लावला तर उचलत नाहीत, सुनीलबाबूले लावला तर लाइनमन संध्याकाळच्या आत गावात. लोकं त्याच्यासाठी मत देतात. २००२ मध्ये केस झाली अन् त्याच्यानंतर २००४, २००९, २०१४, २०१९ चारही वेळा निवडून दिलं, ते का लपूनछपून दिलं का? सगळ्याइले केस माहीत होती.

खापरखेडा_लोकल
माहीत होती म्हणूनच तर विचारतोय ना.

कलम_४०९
थोडं व्यवहाराचं सांगतो, कारण दोन्हीकडून अर्धवट चाललंय. बँकेनं सरकारी रोखे घेणं हा गुन्हा नाहीच, बँकांना ते घ्यावेच लागतात. प्रश्न असा की पैसे कुणाच्या हातात दिले आणि त्या बदल्यात हातात काय आलं. इथे दलाल कंपनीकडून व्यवहार झाल्याचा कागद यायचा, रोखे यायचे नाहीत. आपण सोनाराला पूर्ण पैसे देऊन नुसती पावती घेऊन घरी यावं, आणि पुढच्या महिन्यात त्याच सोनाराला परत पैसे द्यावेत, असा प्रकार. एकदा झालं तर फसवणूक म्हणा, पुन्हा पुन्हा झालं तर कोर्ट विचारणारच की अध्यक्ष आणि महाव्यवस्थापक काय बघत होते. म्हणून कलम ४०९, म्हणजे विश्वासानं सोपवलेल्या पैशाचा अपहार. सहा जणांना शिक्षा झाली, तिघं निर्दोष सुटले, त्यामुळे सरसकट सगळ्यांना अडकवलं असंही म्हणता येत नाही. केदारांनी अपील केलंय, तो त्यांचा हक्क आहे.

ठेचा_भाकर
होम ट्रेडच्या जाहिराती आठवतात का कोणाला? सचिन, शाहरुख, हृतिक, तिघंही. दोन हजार सालच्या आसपास टीव्हीवर सारखं तेच, आणि कंपनी नक्की करते काय हे बापजन्मात कोणाला कळलं नाही 😂 उस्मानाबाद आणि वर्ध्याच्या जिल्हा बँकांचेही पैसे तिथंच बुडाले.

संत्रा_मोसंबी
मग हेच तर म्हणून रायलो! फसले तर सगळेच फसले, पण आमदारकी गेली कोणाची?

पेठेतला_पाहुणा
वाचून मजा वाटली. लाइनमन पाठवला म्हणून दीडशे कोटी माफ. आमच्याकडे असा उमेदवार पडला असता.

संत्रा_मोसंबी
तुमच्याकडे काय काय निवडून येते ते आम्ही पाहून रायलो भाऊ, बोलाले नको लावू.

धापेवाड्याची_लेक
पेठेतले पाहुणे, तुम्हाला लाइनमनची चेष्टा सुचते कारण तुमच्या घरी वीज गेली तर ॲपवर तक्रार करता आणि ती सुटते. इथे तलाठी, गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा सचिव, बँकेचा इन्स्पेक्टर, कोणाकडेही काम असलं तरी आधी कोणाची तरी चिठ्ठी लागते. पण संत्राभाऊ, तुमचंही मला पटत नाही. नागपूर, वर्धा, बुलढाणा या तीन जिल्हा बँका पार डबघाईला आल्या, शेवटी सरकारला पैसे ओतावे लागले. जिल्हा बँक म्हणजे पीककर्ज. तिनं हात आखडला की मृगाच्या आधी बी-बियाण्याला पैसा कुठून आणायचा? कृषी केंद्राची उधारी नाहीतर सावकार. बाई माणसाच्या अंगावरचं आधी जातं. म्हणजे ज्याच्या फोनवर डीपी बदलली तो माणूस आणि ज्याच्या काळात बँक बुडाली तो माणूस एकच आहे, आणि आपल्याला डीपीचा फोन लक्षात राहतो कारण तो आपण स्वतः लावलेला असतो, बँकेचं मात्र कोणी आपल्या नावानं केलेलं नसतं ना, सगळ्यांचं थोडं थोडं गेलं म्हणजे कोणाचंच गेलं नाही असं वाटतं.

गड्डीगोदाम_गॅझेट
शिक्षा झाल्या झाल्या तब्येत बिघडून सरकारी मेडिकल हॉस्पिटलात भरती, हेही लिहा की. सामान्य कैद्याची तब्येत कशी बिघडत नाही बाप्पा त्याच दिवशी?

कलम_४०९
त्यांना खरंच त्रास झाला असेल, डॉक्टर आपण नाही. तो मुद्दा सोडा.

हातमाग
मी काँग्रेसवाला आहे, लपवत नाही. केदारांची आमदारकी दोन दिवसांत गेली. सत्ताधारी राष्ट्रवादीचे मंत्री माणिकराव कोकाटेंना फेब्रुवारी २०२५ ला नाशिकच्या कोर्टानं २ वर्षं दिली, मुख्यमंत्री कोट्यातल्या फ्लॅटसाठी खोटे कागद दिले म्हणून, आणि ते मंत्रीच राहिले की! आता सांगा लोकांनी कायद्याचा आदर का करायचा. निकाल बघून नाही, पक्ष बघून कारवाई होते हे ज्याला दिसतं तो जेलबाहेर हार घेऊन उभा राहणारच.

कलम_४०९
दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की आमदारकी जाते, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अपिलासाठी मिळणारी तीन महिन्यांची ढालही गेली. वाचायचं असेल तर वरच्या कोर्टाकडून दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवल्याच्या निर्णयालाच, स्थगिती आणावी लागते. कोकाटेंना ती सेशन्स कोर्टात मिळाली. केदारांना हायकोर्टानं जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती नाकारली. आणि कोकाटेंचं मंत्रिपद त्याच वर्षी डिसेंबरात गेलंच की, शिक्षा कायम झाल्यावर. विधिमंडळानं कोणाच्या वेळी घाई केली आणि कोणाच्या वेळी वाट पाहिली हा तुमचा आक्षेप मात्र रास्त आहे, तो मी खोडत नाही.

हातमाग
तेवढंच म्हणायचं होतं.

धापेवाड्याची_लेक
तेवढंच नाही हो. शेजाऱ्याचा चोर सुटला म्हणून आपल्या चोराला हार घालायचा का? जळगावच्या घरकुल घोटाळ्यात २०१९ ला सुरेश जैनांना ७ वर्षं आणि १०० कोटी दंड झाला तेव्हा ते शिवसेनेचे होते आणि राज्यात सरकार सेना-भाजपचं होतं. म्हणजे सत्तेत असलेल्यांनाही होते शिक्षा, कधी कधी का होईना.

पेठेतला_पाहुणा
पण शेवटी २०२४ ला सावनेरनं शिक्षा दिलीच ना. केदारांच्या पत्नी उभ्या होत्या, भाजपच्या आशिष देशमुखांनी पाडलं.

संत्रा_मोसंबी
ते लाडक्या बहिणीचे पैसे होते, बँकेचा निकाल नव्हता! निकाल डिसेंबरात लागला, एप्रिलमध्ये रामटेक लोकसभेचं मतदान आलं, सावनेर त्याच्यातच येते. काँग्रेसच्या उमेदवार बर्वे ताईचं जात प्रमाणपत्र रद्द केलं, ऐनवेळी त्याइच्या नवऱ्याले उभं केलं, तरी काँग्रेस निवडून आली. फिरत कोण होतं गावोगावी? मग एप्रिलमध्ये लोकाले निकाल आठवला नाही अन् नोव्हेंबरात आठवला का?

खापरखेडा_लोकल
हा मुद्दा मान्य, नोव्हेंबरचा पराभव निकालाच्या खात्यात टाकता येत नाही. आणि देशमुख स्वतः काँग्रेसमध्ये असताना याच घोटाळ्यावरून केदारांच्या मागे लागले होते, त्यामुळे त्यात बँकेचं दुःख किती आणि सावनेरची जागा किती ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण आकड्याचं बघा, साडेबारा लाख दंड आणि दीडशे कोटी, शंभर रुपयांमागं आठ-साडेआठ पैसे पडतात. सहकार कायद्याच्या कलम ८८ खालची वसुलीची चौकशी वर्षानुवर्षं लोळत पडली. त्यावर एक मोर्चा तरी निघाला का? जेलबाहेर जमलेल्यांपैकी दहा जण जरी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाच्या ऑफिससमोर बसले असते, आमचे पैसे कधी येणार म्हणून, तर मी हा धागा काढलाच नसता.

संत्रा_मोसंबी
तू बस ना मग. मी येतो चहा घेऊन.

धापेवाड्याची_लेक
चहा नको, सोसायटीचे सभासद घेऊन या दहा-वीस. येता का?

संत्रा_मोसंबी
पाहू. सध्या संत्र्याचा तोडा चालू हाय.