धबधबे: इथले, तिकडचे. तुम्ही गेलात तेव्हा पाणी कसं होतं?

पागोळी (धागाकर्ती): जुलैमध्ये कोकणात धबधबा बघायला कुठे जायचं असं कोणी विचारलं की हसू येतं. घाटाची उभी भिंत, चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. पाणी दुसरं करणार काय? पण आपली माणसं बोटीवर, आफ्रिकेत, कॅनडात सगळीकडे पोचलीत, म्हणून हा धागा. उंचीचे आकडे कुठेही मिळतात. तुम्हाला काय दिसलं ते लिहा.

माझा रानपाट, उक्षीजवळचा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू होतात आणि लोक कुरकुरतात. मी नाही कुरकुरत. निम्मा डबा एका खिडकीकडे धावतो आणि मोबाइल बाहेर काढेपर्यंत धबधबा मागे गेलेला असतो.

निवृत्त खलाशी, गुहागर: मी नायगारा चढलोय, पण पाहिलेला नाही. आमची बोट गहू भरायला ग्रेट लेक्समध्ये चालली होती. ओंटारिओ सरोवरातून ईरीत जायचं तर मधे हा धबधबा आडवा. त्याला वळसा घालून वेलंड कालवा काढलाय: ४३ किलोमीटर, ८ लॉक, चढ सुमारे १०० मीटर. बोट लॉकमध्ये शिरली की मागचा दरवाजा लावतात, वरच्या अंगाचं पाणी आत सोडतात आणि अख्खी बोट वर उचलली जाते. पंपबिंप काही नाही, पाणी आपल्या वजनानेच येतं. पण बोटीचं अंग आणि भिंत यांत अंतर इतकं कमी, की दोर सांभाळणाऱ्यांना मान वर करायची सोय नाही. धबधबा तिथून काही किलोमीटरवर, आणि आम्ही सिमेंटची भिंत बघतोय! गावात सांगितलं तर लोकांना वाटतं, म्हातारा थापा मारतो.

मालवणची, आता टोरोंटोत: काका, थापा नाहीत, मी कालव्यावर उभी राहून बोटी चढताना पाहिल्यात. आई आली होती तेव्हा तिला नायगाऱ्याला नेलं. बोटीत चढताना लाल प्लास्टिकचे रेनकोट देतात. ती म्हणाली, ह्यापेक्षा आमचा इरला बरा. तिकिटाचा आकडा ऐकून तर, "पैशे देवन पानी बघूक इलंव? आमच्या व्हाळाक काय झाला होता?"

तिला खरा धक्का पुढे बसला. नायगाऱ्याचं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात. १९५० च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला निदान २८ लाख लिटर पाणी धबधब्यावरून सोडावं लागतं. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं चालतं. रात्री रंगीत दिवे लावतात तेव्हा पाणी आधीच कमी केलेलं असू शकतं. १९६९ मध्ये तर अमेरिकेच्या बाजूचा धबधबा काही महिने अडवून कोरडा केला होता, खालच्या खडकांची पाहणी करायला. आई म्हणाली, म्हणजे नळच की.

सह्यकडा: नळाचं आपल्याकडेही आहे. जोग २५३ मीटर, पण शरावतीवर लिंगनमक्की धरण १९६४ मध्ये झालं, तेव्हापासून जोगच्या राजा-राणी या धारा फोटोतल्यासारख्या दिसायच्या तर चांगला पाऊस किंवा धरणातून पाणी सुटायला हवं. दिवाळीत गेलो होतो. चार ओल्या रेघा. चहा छान होता.

कातळसडा: कामानिमित्त झांबियात होतो. व्हिक्टोरिया पहिल्यांदा ऑक्टोबरात पाहिला, तोही झांबियाच्या बाजूने. १,७०८ मीटर रुंद धबधबा म्हणून गेलो, तर समोर काळा कोरडा कातळ, थेट आमचा राजापूरचा सडा मे महिन्यात! पाणी सगळं पलीकडे, झिम्बाब्वेच्या अंगाला. पुन्हा एप्रिलमध्ये गेलो तर उलटी तऱ्हा: तुषार इतके, की धबधबाच दिसेना. खालून वर पाऊस लागत होता. विचाराल तर जून-जुलैत जा, पाणीही असतं आणि दिसतंही.

माहेर सावंतवाडी: खालून वर पाऊस बघायला इतक्या लांब कशाला? आंबोलीला कावळेसादला या. दरीतून वारा सुटला की कड्यावरून पडणारं पाणी उलटं आपल्याच अंगावर येतं. मात्र रविवारी नको. घाटातल्या मोठ्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग, मोठ्याने गाणी, पायऱ्यांवर बाटल्यांच्या काचा. मंगळवार-बुधवारी पहाटे जा. आणि हिरण्यकेशीचा उगम चुकवू नका. आंबोलीतच उगम पावते, पण तिचं पाणी घाट न उतरता पूर्वेला, कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जातं.

देवरुखकर वहिनी: मारळच्या मार्लेश्वराला आम्ही संक्रांतीला जातो, देवाच्या लग्नाला. नवरी साखरप्याची गिरिजादेवी. गुहेजवळचा धारेश्वर तेव्हा बारीक झालेला असतो, पण त्याखाली उभं राहता येतं. श्रावणात लांबूनच नमस्कार. नव्या पोरांसाठी सांगते: वर पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढुळलं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की फोटो राहू दे, आधी बाहेर पड.

पागोळी: वहिनी, हे धाग्यात वरच डकवते. बारमाही कोणी लिहिलाच नाही?

वैभववाडी लोकल: नापणे. एप्रिलमध्ये या, पाणी असतं. वर आता काचेचा पूलही झालाय. मला विचाराल तर खालूनच बघा.