ट्रेलर: बॅटरीवर फर्नेस पेटत नाही, शुक्रवारच्या आत बघायला हवं

प्रेषक: नाना

मंडळी,
मंडळाचा राहायचा ट्रेलर परत आलाय. घराच्या विजेचा प्लग लावलेला असला की सगळं व्यवस्थित. प्लग काढला की दिवे मंद होतात, फर्नेसचा (गॅसच्या हीटरचा) पंखा नुसता रेंगाळत फिरतो, पेटत काही नाही. सिंकवरचे दोन दिवे मात्र प्लग असो-नसो, लुकलुकतातच. बॅटरी नवी आहे (ती चर्चा पुन्हा नको). फ्यूज सगळे धड आहेत. वायर कुठेतरी लूज झालीय हे मलाही कळतंय, पण शोधायला सुरुवात कुठून करू? शुक्रवारी न्यायचाय. आणि मंडळाचा मल्टीमीटर कोणाकडे आहे?
नाना

प्रेषक: अक्का

मल्टीमीटर स्पीकरच्या डब्यात होता. डबा बंटीकडे. वस्तू नेताना वहीत लिहा असं मी दर वेळी सांगते, आता सांगणं सोडून दिलंय.

प्रेषक: बापू

नाना, अर्धं उत्तर तुमच्याच मेलमध्ये आहे. प्लग लावलेला असताना कन्व्हर्टर (घराच्या विजेतून बॅटरीसारखी वीज करणारा डबा) साडेतेराच्या आसपास व्होल्ट थेट फ्यूज पॅनेलला देतो, बॅटरीच्या वायरीतून ते यावे लागत नाहीत. म्हणजे पॅनेलपासून फर्नेसपर्यंतची वायर ठीक आहे. बिघाड बॅटरी ते पॅनेल एवढ्याच पट्ट्यात. तिथे बघण्यासारख्या जागा फार नाहीत: बॅटरीची टोकं, निगेटिव्ह वायर चॅसीला जिथे बोल्ट केलीय ती जागा, पुढच्या दांड्यावरचा छोटा ब्रेकर, आणि डिस्कनेक्ट स्विच असला तर तो. माझी शंका चॅसीच्या बोल्टवर. रंगावरच रिंग आवळलेली असते, मग खालून गंज येतो.

सिंकवरच्या दिव्यांचं दुखणं वेगळं, ते यात मिसळू नका.

फर्नेस न पेटण्याचं कारण: आत सेल स्विच असतो, हवेच्या झोताने ढकलला जाणारा एक पातळ पत्रा. पंखा पुरेशा वेगाने फिरला नाही तर तो लागत नाही, आणि तो लागल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व उघडत नाही. फर्नेस ओढतो सात अँपिअरच्या आसपास. जोडात ०.२ ओहम जरी अडथळा असला तरी १.४ व्होल्ट तिथेच संपतात, आणि जवळजवळ १० वॉट उष्णता त्या एका बोल्टमध्ये निघते.

प्रेषक: बंटी

मीटर माझ्याकडेच आहे, काल नानांकडे जाऊन आलो. निगेटिव्ह टोक ते चॅसी, बीप वाजतो, शून्य ओहम. त्यामुळे ग्राउंड क्लिअर आहे, बापूकाका. मला कन्व्हर्टर संशयास्पद वाटतोय.

प्रेषक: बापू

> बीप वाजतो, शून्य ओहम

बंटी, बीप काढताना मीटर नखाएवढा करंट सोडतो. दोरीचे दहातले नऊ पदर तुटले तरी तिच्यावर रुमाल वाळतो, बादली बांधली की कळतं. प्लग काढ, फर्नेस चालू कर, आणि मग व्होल्ट मोज. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या टोकावर), लाल प्रोब आधी क्लॅम्पवर, मग वायरच्या रिंगवर, मग चॅसीच्या खरवडलेल्या पत्र्यावर, शेवटी पॅनेलच्या निगेटिव्ह पट्टीवर. जिथे आकडा एकदम उडी मारेल, दोष त्याच्या लगेच आधीच्या जोडात. पॉझिटिव्ह बाजूलाही असंच. एकूण दोन-तीन दशांश व्होल्ट चालतील, त्यापुढे नाही.

पाना लावण्याआधी प्लग काढलेला हवा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडवलेली हवी. दोन्ही. नुसती बॅटरी सोडवली आणि प्लग राहिला तर कन्व्हर्टर त्या ब्रेकरचे स्क्रू जिवंत ठेवतो. पाना चॅसीला टेकला की ठिणगी, आणि गॅसच्या टाक्या तिथेच हातभर अंतरावर आहेत.

प्रेषक: अण्णा

सगळे जोड उघडून सोल्डर करून टाका, कटकट मिटेल. ट्रेलरच्या दुरुस्तीचं काम वार्षिक सभेत माझ्याकडे दिलं होतं, तेव्हा मला विचारल्याशिवाय कोणी काही कापू नये.

प्रेषक: बापू

अण्णा, सभेतलं मान्य. पण चालत्या ट्रेलरमध्ये सोल्डर नको. जिथे सोल्डर संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. बारीक तारांच्या वायरला रॅचेटच्या क्रिम्परने दाबलेला जोड, वरून गोंदवाली हीटश्रिंक नळी. छतात ज्या रंगीत टोप्या पिळलेल्या आहेत त्याच हळूहळू सैल होतात. सिंकवरचे दिवे बहुधा त्यामुळेच.

प्रेषक: अण्णा

आम्ही कंपनीत सगळं सोल्डरच करायचो.

प्रेषक: अक्का

अण्णा, तुमची मशीन जागची हलत होती का?

प्रेषक: माई

मध्येच विचारते. परवा पाऊस पडून गेल्यावर मी ट्रेलरमधून भांडी काढायला गेले होते. अनवाणी होते. दाराच्या हँडलला हात लावला तर हाताला मुंग्या आल्या. हेसुद्धा लूज वायरचंच का?

प्रेषक: बापू

नाना, हा मेल वाचताच प्लग काढा. आधी घराच्या पॅनेलमधला ब्रेकर पाडा, मग भिंतीतून ओढा. ट्रेलरला हात लावू नका.

बॅटरीच्या १२ व्होल्टने मुंग्या येत नाहीत. ही घराच्या विजेची, १२० व्होल्टची गळती पत्र्यावर आलीय, आणि जमिनीकडे जाणारी अर्थची वाट कुठेतरी तुटलीय. दोन्ही एकदम झाल्याशिवाय असं होत नाही. माई कोरड्या चपला घालून गेल्या असत्या तर कळलंही नसतं. फर्नेसचं नंतर बघू. प्लग कुठे लावला होता?

प्रेषक: नाना

काढला. आधी गॅरेजच्या जीएफसीआय (गळती झाली की आपोआप बंद होणाऱ्या) सॉकेटला होता, तो सारखा ट्रिप व्हायचा म्हणून पोर्चमधल्या जुन्या सॉकेटला लावला. मध्ये ३० अँपिअरचं अडॅप्टर आणि एक्स्टेन्शन. आत्ता बघतोय तर एक्स्टेन्शनची गोल, अर्थची पिन मोडलेली आहे.

प्रेषक: बंटी

मग नवी एक्स्टेन्शन आणतो, झालं.

प्रेषक: बापू

झालं नाही. पिन बदलली की मुंग्या थांबतील, गळती आहे तिथेच राहील. जीएफसीआय उगाच ट्रिप होत नव्हता. बहुतेक वेळा वॉटर हीटरची किंवा फ्रिजची विजेची कॉइल फुटलेली असते. दुसरी शक्यता म्हणजे कोणीतरी ट्रेलरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंडच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्यात. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये ते बरोबर असतं, ट्रेलरमध्ये वेगळ्या ठेवाव्या लागतात, अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमांत, नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या कलम ५५१ मध्ये तसं आहे. अण्णा, मागे पॅनेल कोणी उघडलं होतं?

आणखी एक. ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची पांढरी वायर निगेटिव्ह आणि काळी पॉझिटिव्ह असते, १२० मध्ये पांढरी न्यूट्रल आणि काळी जिवंत. दोन्ही एकाच पॅनेलच्या खोक्यात येतात. रंग बघून हात घालू नका. १२० ची बाजू परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायची. मी करणार नाही, बंटीही नाही.

प्रेषक: अण्णा

पॅनेल मी उघडलेलं नाही. ओळखीचा एक आरव्ही (राहायच्या ट्रेलर-गाड्यांचा) टेक्निशियन आहे, उद्या सकाळी बोलावतो. हे काम माझ्याकडेच आहे.

प्रेषक: नाना

टेक्निशियन येऊन गेला. वॉटर हीटरची कॉइल फुटलेली होती, ती सोडवून ठेवलीय, गरम पाणी गॅसवरच करायचं. पट्ट्या वेगळ्याच होत्या. नवी केबल लावून गॅरेजच्या जीएफसीआयवर तासभर चालवलं, ट्रिप नाही.

मग बंटीने बापूंच्या पद्धतीने मोजलं. बॅटरीवर १२.४, पॅनेलवर १०.८. निगेटिव्ह टोक ते चॅसीचा पत्रा, १.४. बोल्ट काढला तर रिंगखाली रंग आणि गंज. तारेच्या ब्रशने पत्रा चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकून आवळला, वरून ग्रीस. आता तिथे ०.०५. ब्रेकरचा एक नटही सैल होता, मिळून पॅनेलवर १२.२. फर्नेस पहिल्या फटक्यात पेटला. सिंकवरचे दिवे राहिलेत, ते बंटी उद्या करेल.

प्रेषक: बापू

उत्तम. चॅसीचा बोल्ट हलवलाय तर ब्रेकअवे स्विचची पिनही एकदा ओढून बघा. गाडीपासून ट्रेलर सुटला तर ब्रेक याच बॅटरीवर आणि याच चॅसीवर लागतात. ट्रेलर जोडून, किंचित पुढे नेऊन, चाकं अडतात का बघायचं आणि पिन लगेच परत घालायची.

बंटी, दिव्यांच्या जोडाला हात लावण्याआधी फ्यूज बघ. मागे कोणीतरी तिथे २० चा घातलाय असं मला आठवतं. वायर १४ गेजची आहे, १५ च हवा.

प्रेषक: बंटी

२० चाच आहे. बदलतो.