मदत हवी आहे: सोप सर्व्हिस बंद, पेट्या अडकल्यात

उलटा_चाकरमानी: देवगड. हापूसच्या पेट्यांची नोंद मुंबईच्या आडत्याकडे पाठवणारी सोप सर्व्हिस (एक्सएमएल निरोपांवर चालणारी) काल रात्रीपासून ठप्प. 'कॅनॉट फाइंड डिस्पॅच मेथड' एवढंच येतं. डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन असलेली फाइल, ब्राउझरमध्ये नीट उघडते. संध्याकाळी ट्रक निघणार. लवकर सांगा.

रापण: जावा की डॉटनेट? एररमध्ये पुढे महिरपी कंसात काय आहे? खरी गोम तिथेच असते आणि तेच गाळलंत.

उकडा_तांदूळ: अजून सोप? साध्या जेसन फॉरमॅटवर या. आम्ही आलो, सुखी आहोत.

उलटा_चाकरमानी: ट्रकवाल्याला सांगू, थांब, जेसन करून येतो? सर्व्हर जावा, पलीकडे पीएचपी. कंसात एचटीटीपी://पेटी.बाग/ आहे.

फणसअठळी: एक्सएमएल टॅगआधीचा प्रीफिक्स बदला. एनएस१चं टीएनएस केलं नि माझं सुटलं.

रापण: प्रीफिक्स म्हणजे टोपणनाव. बंड्या म्हणा नाहीतर बाबल्या, माणूस तोच. जुळायला हवा तो नेमस्पेस, म्हणजे कंसातला तो पत्ता, अक्षर न् अक्षर.

फणसअठळी: सुटलं म्हणतोय ना!

रापण: सोबत सर्व्हरही रीस्टार्ट केला असाल.

गजालीन_खाल्लो: माका एक सांग, काल चालत होता मां? मगे काय बदललंस?

उलटा_चाकरमानी: काही नाही हो. फक्त क्लास बाग.पेटी मधून बाग.पेटी.सेवा पॅकेजमध्ये हलवला.

रापण: 'फक्त' म्हणे! सर्व्हिसचा नेमस्पेस, म्हणजे टार्गेटनेमस्पेस, स्वतः दिला नाही तर जावाचं सोप हाताळणारं जॅक्स-डब्ल्यूएस पॅकेजचं नाव उलटं करून तो बनवतं. आधी पेटी.बाग/ होता, आता सेवा.पेटी.बाग/ झाला. पीएचपी डब्ल्यूएसडीएल साठवून ठेवतं, सेटिंग बदललं नसेल तर ८६४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस. तुम्हाला दिसते नवी फाइल, तिकडून हाक येते जुन्या नावाने. क्लासवर लावतात त्या वेबसर्व्हिस अ‍ॅनोटेशनमध्ये जुना टार्गेटनेमस्पेस लिहून टाका. इंटरफेस वेगळा असेल तर तिथेही.

शुद्धिपत्र: डब्ल्यूएसडीएल २.० मध्ये मूळ एलिमेंट डेफिनिशन्स नाही, डिस्क्रिप्शन आहे. २००७ पासून.

गजालीन_खाल्लो: इचारल्यान कोणी?

उलटा_चाकरमानी: लिहिला. एरर तोच!!

रापण: जसा लिहिलात तसाच इथे चिकटवा.

उलटा_चाकरमानी: एचटीटीपी://पेटी.बाग

रापण: शेवटची तिरकी रेघ कुठाय?

उलटा_चाकरमानी: आयला. रेघ घातली, पहिली नोंद पोचली. दोन तास गेले त्या रेघेपायी. आभार, पेट्या भरायला पळतो.

उकडा_तांदूळ: जेसनमध्ये ही भानगडच नाही.

फणसअठळी: पाच डझनी पेटीला भाव काय मिळतोय सध्या?