कराटे किड आणि कोब्रा काय : आधी काय बघायचं?

आळशी घुबड :

भाची यंदा आठवीत गेली. वर्गातल्या कुणीतरी तिच्या डोक्यात 'कोब्रा काय'चं खूळ भरवलंय, आणि सुट्टीत मामाकडे येण्यामागचा एकमेव हेतू माझं नेटफ्लिक्स हा आहे. मी म्हटलं, मालिका लावू, पण ती ज्याची पुढची गोष्ट आहे तो मूळ सिनेमा 'कराटे किड' आधी. तर म्हणते, "मामा, १९८४चा? तेव्हा आई बालवाडीत होती!"

पसारा मोठा आहे. सहा सिनेमे, शिवाय मालिकेचे सहा सीझन मिळून ६५ भाग. सगळं ओळीने दाखवायला गेलो तर सुट्टी संपेल आणि भाची तिसऱ्या सिनेमातच पळून जाईल. म्हणून मी ठरवलेला क्रम असा : पहिले दोन सिनेमे (१९८४ आणि १९८६), मग मालिकेचे तीन सीझन, मग तिसरा सिनेमा (१९८९), मग चौथ्या सीझनपासून शेवटपर्यंत. जॅकी चॅनवाला २०१०चा मध्ये कधीही. २०२५चा 'लेजेंड्स' सगळ्यात शेवटी. हिलरी स्वँकचा १९९४चा नाही पाहिला तरी आभाळ कोसळत नाही.

तिसरा मुद्दामच मागे ढकललाय. तो कमअस्सल आहे, पण त्यातला खलनायक टेरी सिल्व्हर चौथ्या सीझनमध्ये परत येतो, म्हणून त्याच्या तोंडावर पाहिलेला बरा. पहिला मात्र मालिकेच्या आधीच हवा, यावर मी हटणार नाही. आधी काय बघता त्यावर तुम्ही नायक डॅनियलचे की त्याचा प्रतिस्पर्धी जॉनीचे हे ठरतं. एकदा ठरलं की बदलत नाही.

(जपून वाचा, खाली बरंच काही फुटणार आहे.)

ओसरी :

घुबडराव, साफ असहमत. आठवीतल्या मुलीला चाळीस वर्षांपूर्वीचा दोन तासांहून लांब सिनेमा आधी दाखवणं म्हणजे जेवायला बसवून आधी कारल्याची भाजी वाढणं. आमच्याकडे २०२०च्या लॉकडाउनमध्ये पहिले दोन सीझन नेटफ्लिक्सवर आले तेव्हा लेक थेट मालिकेपासून सुरू झाली. तिला जॉनी लॉरेन्स कसा भेटला? पन्नाशीचा, कामावरून हाकललेला, बिअरचे डबे रिचवणारा, पोराशी संबंध तुटलेला माणूस. शेजारच्या मिगेलला मार खाताना बघतो आणि नाइलाजाने कराटेचा क्लास सुरू करतो. दुसरीकडे डॅनियल म्हणजे गाड्यांचा बडा डीलर, गाडीमागे एक बोन्साय फुकट. या दोघांत पोर कुणाकडे झुकणार?

नंतर तिने १९८४चा पाहिला. शेवटी हरलेला जॉनी रडवेल्या चेहऱ्याने स्वतः ट्रॉफी डॅनियलच्या हातात देतो, तिथे ती उठून बसली. मी तो सिनेमा पाचेक वेळा पाहिला असेन, पण तो क्षण माझ्या लक्षातच नव्हता. आपण सगळे डॅनियलकडे बघत असतो ना. तेव्हा तुमचं 'एकदा ठरलं की बदलत नाही' हे तुमच्यापुरतं खरं.

आळशी घुबड :

ओसरीताई, ट्रॉफीचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण मालिकेचा पहिला भाग सुरू कशाने होतो ते आठवा. थेट १९८४च्या अंतिम सामन्याने! डॅनियलची ती लाथ, तो जॉनीचा आडवा झालेला देह. म्हणजे सिनेमाचा शेवट मालिकेच्या पहिल्याच मिनिटात फोडलेला. त्यानंतर मूळ सिनेमात काय राहिलं?

ओसरी :

ती लाथ कुणाला माहीत नाही हो? सिनेमा न बघितलेली पोरंसुद्धा गच्चीवर एका पायावर उभी राहून हात पसरतात. डॅनियल जिंकतो की नाही हा प्रश्न १९८४ सालीही कुणाला पडला नसेल. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन, म्हणजे 'रॉकी'वाला. बघायचं असतं ते तिथपर्यंत पोचणं.

सव्वातीनची लोकल :

+१ ओसरी. आणि त्या लाथेबद्दल बोलायचंच तर ती बेकायदा होती. जॉनी बिचारा तीस-पस्तीस वर्षं हेच सांगतोय.

काळा पट्टा :

झालं, आलात मूळ पदावर. लोकल, सिनेमा परत बघ. सामने सुरू होण्यापूर्वी डॅनियलची मैत्रीण अ‍ॅली डॅनियलला नियम सांगते : कमरेच्या वर कुठेही मारलं तरी गुण, आणि त्यात डोकंही येतं. मग तोंडावर बसलेली लाथ बेकायदा कशी? बेकायदा होती ती जॉनीच्या टोळीतल्या बॉबीने त्यांचा गुरू क्रीसच्या हुकमावरून डॅनियलच्या गुडघ्यावर घातलेली, त्यासाठी तो बादही झाला. अंतिम सामन्यात जॉनीनेही त्याच दुखऱ्या पायावर कोपर मारून ताकीद ओढवून घेतली होती. मालिका बघून पहिल्या सिनेमाकडे गेलेली माणसं हे सगळं सोयीस्कर विसरतात. घुबडांचं म्हणणं मला इथे पटतं. जॉनीची कैफियत ऐकायला हरकत नाही, पण मूळ भांडण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर.

ओसरी :

मग डोळे उघडे ठेवूनच पाहू. समुद्रकिनाऱ्यावर पहिला ठोसा कुणी मारला? डॅनियलने. हॅलोवीनच्या रात्री संडासात बसलेल्या जॉनीच्या अंगावर पाण्याची नळी कुणी सोडली? तीही डॅनियलनेच. दोघांची भांडणं मिटत आलेली असताना!

काळा पट्टा :

किनाऱ्यावर जॉनी आधी अ‍ॅलीचा रेडिओ हिसकावतो, मग मध्ये पडलेल्या डॅनियलला लोळवतो. आणि त्या नळीची शिक्षा म्हणून पाच जणांनी मिळून एकाला शुद्ध जाईपर्यंत मारायचं? डॅनियलचा पुढचा गुरू मियागी कुंपणावरून उडी मारून आला नसता तर सिनेमा तिथेच संपला असता. पण 'मिटत आलेली' मात्र नव्हती हं, हे तुमच्या मनचं.

सव्वातीनची लोकल :

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

एडिसनवासी :

न्यू जर्सीतून नमस्कार. डॅनियल मूळचा नूअर्कचा, म्हणजे आमच्या शेजारगावचा पोरगा, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरा. आईची नोकरी म्हणून पोर अचानक लॉस एंजेलिसला जाऊन पडतं, मित्र नाहीत, बोलण्याची ढब वेगळी. बदलीच्या नोकरीवाल्यांच्या घरात वाढलेल्यांना हे काही समजावून सांगावं लागणार नाही.

तुम्ही दोघंही डॅनियल-जॉनी करताय, मला वेगळंच म्हणायचंय. क्रम ठरवायचा तो मियागीवरून. मियागी झालेले पॅट मोरिटा २००५मध्ये गेले, मालिका आली २०१८मध्ये. मालिकेतला मियागी म्हणजे जुनी दृश्यं, भिंतीवरचा फोटो आणि डॅनियलच्या तोंडची वाक्यं. ज्याने आधी माणूस पाहिलेलाच नाही, त्याला डॅनियल ऊठसूट 'मियागी म्हणायचे' करतो तेव्हा तो कंटाळवाणा काका वाटणारच. माझ्या मुलाला वाटला.

पहिल्या सिनेमात लग्नाच्या वाढदिवशी मियागी एकटा पीत बसलेला असतो तो प्रसंग आठवा. जपानी अमेरिकनांना दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलं होतं. हा माणूस अमेरिकेच्या बाजूने युरोपात लढत असताना मँझनारच्या छावणीत बाळंतपणात त्याची बायको आणि मूल दोघंही गेली. डॅनियल त्याला झोपवतो आणि त्याचं शौर्यपदक बघतो. मोरिटा स्वतः लहानपणी अशाच छावणीत होते. पाठीच्या कण्याच्या क्षयाने वर्षानुवर्षं इस्पितळात काढली आणि तिथून उचलून थेट ॲरिझोनातल्या छावणीत. त्या भूमिकेला ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगाच नाही. हे न बघता मालिकेला बसलात तर समोर काय हरवलंय तेच कळणार नाही.

म्हणून माझं मत : प्रदर्शित झाले त्या क्रमाने. तिसऱ्यासकट, आणि हो, १९९४च्यासकट.

झणझणीत :

१९९४चा?? दया करा. त्यातल्या ज्युलीला मालिकेने सहा सीझनमध्ये एकदाही बोलावलं नाही. बाकी कुणाकुणाला गोळा करून आणलं, पण तिला नाही. यातच काय ते आलं.

एडिसनवासी :

बोलावलं नाही म्हणून ती मियागीची शिष्या नव्हती असं होत नाही ना! सिनेमा सुमार आहे, मान्य. पण मोरिटांचा मियागी म्हणून तो शेवटचा सिनेमा आहे. एका पावसाळी दुपारी लावायला काय जातं?

काळा पट्टा :

मला घुबडांच्या क्रमातल्या तिसऱ्या सिनेमाच्या जागेवर बोलायचंय. तिथे तुम्ही मोठी चूक करताय.

तिसऱ्या सीझनच्या अगदी शेवटी क्रीस एक फोन लावतो. पलीकडे कोण आहे ते सांगत नाहीत. १९८९चा सिनेमा पाहिलेल्या माणसाला ते नाव कुणी सांगावं लागत नाही, अंगावर काटा येतो. न पाहिलेला विचारतो, "कुणाला केला फोन?" तुमच्या क्रमाने भाची नेमकं हेच विचारेल आणि तुम्ही म्हणाल, "थांब, आता सिनेमा लावतो." म्हणजे आधी विनोद, मग त्याचा खुलासा.

झणझणीत :

पण तिसरा टुकार आहे हो. डॅनियल झालेला राल्फ मॅकिओ तेव्हा २७चा होता आणि कॉलेजात जायच्या वयाचं पोर करतोय. कारण कथेत अजून १९८५च चालू आहे! त्याहून कहर म्हणजे सिल्व्हर झालेला थॉमस इयन ग्रिफिथ प्रत्यक्षात मॅकिओपेक्षा वयाने लहान. व्हिएतनामहून परतलेला सेनानी आपल्या पोरसवदा चेल्यापेक्षा धाकटा.

काळा पट्टा :

टुकार म्हणूनच मजा आहे. सिल्व्हर टबात बसून फोनवर खलनायकी करतो ती चव दुसरीकडे नाही. आणि त्याने डॅनियलला जे भलतंच शिकवलं, लाकडावर ठोसे मारून हात रक्ताळेपर्यंत, ते पुढे मालिकेत डॅनियल सिल्व्हरचं नाव निघताच पांढराफटक का पडतो त्याचं उत्तर आहे. नुसत्या दोन-चार जुन्या दृश्यांवर ते भागत नाही.

दुसऱ्याची जागा मात्र बरोबर आहे. ओकिनावात वादळात अडकलेली जी छोटी मुलगी डॅनियल वाचवतो, ती तिसऱ्या सीझनमध्ये मोठी होऊन जपानी कार कंपनीची मोठी अधिकारी म्हणून भेटते आणि त्याचा धंदा वाचवते. भूमिका त्याच अभिनेत्रीने केलीय. कुमिको आहे, चोझेन आहे. दुसरा न पाहता हा सीझन बघणं म्हणजे नात्यातल्या लग्नात जाऊन एकालाही न ओळखणं. (ते 'ओकिनावा' चित्रित झालं होतं हवाईत, पण ते असो.)

आळशी घुबड :

फोनचं मला सुचलंच नव्हतं. तिसरा मालिकेच्या आधी नको, पण तिसऱ्या सीझनच्या आधी आणतो. दोन सीझन झाल्यावर भाची अडकलेली असेल, टुकार सिनेमाही सहन करेल. ताई, खूश?

ओसरी :

अर्धी. तुम्ही जॉनीला दोन सिनेमे मागे ढकललंच आहे. दुसऱ्यात तर तो सुरुवातीला गाड्यांच्या तळावर क्रीसकडून गळा आवळून घेण्यापुरताच आहे.

आळशी घुबड :

तेवढ्यासाठी तरी दुसरा आधी दाखवायलाच हवा की! दुसरा क्रमांक आणला म्हणून गुरूच पोराची ट्रॉफी मोडतो आणि त्याचा गळा धरतो. जॉनी असा का झाला याचं इतकं सरळ उत्तर मालिकेतही सापडणार नाही. मुळात हा प्रसंग पहिल्याच सिनेमाचा शेवट म्हणून लिहिला होता.

ओसरी :

...हे मात्र खरं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी पहिला सीझन आधी.

सव्वातीनची लोकल :

२०१०च्याबद्दल कुणीच काही बोलत नाहीये. त्यात कराटे नाहीच. सगळं बीजिंगमध्ये, शिकवतो कुंग फू, नाव मात्र कराटे. चीनमध्ये तो 'कुंग फूचं स्वप्न' अशा अर्थाच्या नावाने लावला, ते तरी प्रामाणिक. जाकीट काढ, अडकव, पाड, उचल. माझा तोच पहिला, शाळेत असताना पाहिलेला, आणि मला तोच सर्वांत आवडतो. मारा दगड.

काळा पट्टा :

दगड नाही, पण मियागीची गोष्टही मुळात हवेतली नाही. लेखक रॉबर्ट मार्क कामेन स्वतः गोजू-रयू शिकलेला, आणि ती शैली स्थापन करणारे ओकिनावाचे गुरू म्हणजे चोजून मियागी. त्यांच्या शैलीला चिनी मुळं आहेतच. त्यामुळे जॅकी चॅनने केलेल्या गुरू हानच्या घराण्याशी मियागींचं नातं जोडणं मला 'लेजेंड्स'मध्ये तितकं खटकलं नाही. खटकली ती घाई. दीड तासात न्यूयॉर्क, पिझ्झाचं दुकान, मुष्टियुद्ध, स्पर्धा आणि दोन-दोन गुरू.

झणझणीत :

आम्ही हिंदीत पाहिला. हानला अजय देवगणचा आवाज, पोराला त्याच्याच मुलाचा, युगचा. जॅकी चॅन तोंड उघडतो आणि आत सिंघम. पाच मिनिटं सवय व्हायला लागली.

एडिसनवासी :

'लेजेंड्स' शेवटीच ठेवा. तो मालिका संपल्यावर तीन वर्षांनी घडतो आणि शेवटी एक ओळखीचा चेहरा येतो. त्या मिनिटभराची गंमत ६५ भाग बघितलेल्यालाच.

आळशी घुबड :

अद्ययावत माहिती : भाची काल संध्याकाळी आली. मी जेवण गरम करायला आत गेलो, तेवढ्यात तिने मालिकेचा पहिला भाग लावला होता. मी आलो तोवर लाथ बसून गेली होती.

म्हटलं, बंद कर, आधी सिनेमा. तिने थांबवलं नाही. दोन भाग झाल्यावर म्हणाली, "मामा, हा जॉनी म्हणतो लाथ बेकायदा होती. खरंच होती का?" मी म्हटलं, स्वतः बघून ठरव. रात्री साडेअकराला १९८४चा लावला. ट्रॉफीपाशी ती काही बोलली नाही, पण अ‍ॅली नियम सांगते तिथे मागे नेऊन दोनदा ऐकलं.

ओसरी :

आणि निकाल?

आळशी घुबड :

लाथ कायदेशीर, पण पोरगा म्हणून जॉनीच बरा. आता दुसरा लावायचाय आणि ती म्हणतेय, नको, जॉनीचं पुढे काय झालं ते आधी.