मदत हवी आहे: घरासाठी पहिलं नॅस (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायचा डिस्कचा डबा), कोणतं घेऊ?

मंडळी, घरातले फोटो, व्हिडिओ आणि बाबांची स्कॅन केलेली कागदपत्रं मिळून दीड टीबीच्या पुढे गेलंय. सिनॉलॉजीचं डीएस२२३जे बघून ठेवलंय, ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. वापरायला ४ टीबीच मिळतील, ते चालेल. डिस्कही सीएमआरच (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या) घेणार. पण रॅम फक्त १ जीबी, तीही वाढवता येत नाही! फोनमधले फोटो आपोआप चढवायला आणि टीव्हीवर व्हिडिओ बघायला एवढी पुरते का? की जुन्या पीसीवर ओपनमीडियाव्हॉल्ट (पीसीचं नॅस करणारी मोफत प्रणाली) टाकू? त्यात वीजबिलाची आणि आवाजाची धास्ती वाटते, कारण डबा हॉलमध्येच राहणार आणि आई तिथेच झोपते.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, ठाऊक आहे. वेगळी यूएसबी डिस्क घेतोय. खरी अडचण लाइटची, आमच्याकडे सारखी जाते. नॅसला यूएसबीने जोडून ते आपोआप नीट बंद होईल असा, परवडणारा यूपीएस कोणी वापरतंय का? मॉडेल सांगा.